सुभेदारसाहेबांचा वॉलमन

परवा कोहळगावहून एका ओळखीच्या माणसानं फोनवर एक फोटो पाठवला. मशिदीसमोरच्या चौकात नवीन कारंजं झालंय. निळी चकचकीत फरशी, रंगीत दिवे, आणि मधोमध सिमेंटची एक डोणी, म्हणजे पाण्याचं लांबट कुंड. डोणीला काळ्या दगडासारखा रंग मारलेला. शेजारी ग्रॅनाइटची पाटी: 'प्राचीन जलव्यवस्थेची प्रतिकृती'. खाली नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सभापती, सगळ्यांची नावं सोनेरी अक्षरांत. ती जलव्यवस्था ज्या मोगल सुभेदारानं बांधली त्याचं नाव नाही. 'प्राचीन राजवट' असं लिहून मोकळे झालेत. आणि ज्या माणसानं ती आपल्या हातांनी पुन्हा चालू केली, त्याचं नाव तर कुणाच्या मनातही आलं नसेल. कारंज्यात पाणी टँकरनं आणून ओततात म्हणे.

मी फोन पालथा ठेवला आणि एकटीच मोठ्यानं शिव्या दिल्या. आमच्या घरात कुणी शिव्या देत नसत. मी त्या तुळशीराम सोनकांबळे यांच्याकडून शिकले, आणि त्यांच्याइतक्या नेमक्या मला अजून जमत नाहीत.

तुळशीराममामा कोहळगाव नगरपरिषदेत वॉलमन होते. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, त्यासाठी रस्त्यातला कोणता वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, किती फिरवायचा, हे वॉलमनचं काम. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, अंगात खाकी शर्ट, खिशाला पेन. पेन फक्त हजेरीवर सही करायला. बाकी सगळं डोक्यात. गावाखाली जमिनीत कुठून काय जातं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते सांगताना ते कधीच साध्या आवाजात सांगत नसत.

मी तिथं कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. माहेर उदगीरचं, घरात किराणा दुकान. पहिल्याच आठवड्यात मी नकाशा बघून तहसीलजवळचा एक वॉल उघडायचा आदेश काढला. तासाभरात मामा चावीसकट माझ्या टेबलासमोर.

"म्याडम, ह्यो वॉल कुठं हाय?"

मी नकाशावर बोट ठेवलं.

"कागदावर हाय. जमिनीत हाय का?" त्यांचा आवाज बाहेर जन्ममृत्यू नोंदणीच्या रांगेपर्यंत गेला. "कागदावर तर ह्या गावात चोवीस तास पानी हाय! चला, उठा. दाखवतो तुमाला तुमचा वॉल."

वॉल नव्हताच. तिथं एका माणसानं दहा वर्षांपूर्वीच जिना बांधला होता. त्या दिवशी मामांनी मला उन्हात चार तास गावभर हिंडवलं. मध्ये एका अनोळखी घरात सरळ घुसून गळणारी तोटी बंद केली, आतल्या बाईला झापलं, बाहेर आले, पुढं चालू लागले. ती बाईही आपल्या कामाला लागली. सवयीचं असावं.

हिंडताना ते सारखं म्हणत होते, "हे काम सुभेदारसाहेबांच्या टायमाचं हाय. आजून एक खडा हालला न्हाई. आनि ते बगा, ते आत्ताच्या साहेबाच्या टायमाचं. दोन वर्सांत फुटलं." मला वाटलं, सुभेदार नावाचे कुणी जुने अभियंता असतील. मी कार्यालयात येऊन जुन्या अधिकाऱ्यांच्या नावांचा फलक वाचला. त्यात सुभेदार कुणी नव्हते. शेवटी बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना, विचारलं, तर ते टेबलावर हात आपटून हसले. "मॅडम, त्यांचे साहेब वारून तीनशे वर्षं झाली."

कोहळगावात एक काळ्या दगडाची मशीद आहे. मोगलांच्या वेळी बिदरच्या सुभ्यावर असलेल्या एका सुभेदारानं ती बांधली. त्यानं ह्या भागात आणखी दोन-तीन ठिकाणी मशिदी बांधल्या असं सांगतात, पण इथली त्याच्या आवडीची असावी, कारण इथं त्यानं नुसती इमारत उभी करून हात झटकले नाहीत. गावाबाहेरच्या माळावर बारव खणली. बारवेपासून मशिदीपर्यंत जमिनीखालून खापराच्या नळांची नहर आणली. ते पाणी आतल्या हौदात पडायचं, आणि हौद भरला की भिंतीतल्या दगडी तोंडातून बाहेर, रस्त्यावर ठेवलेल्या एका लांबलचक डोणीत. डोणी भिंतीच्या बाहेर आहे, हे महत्त्वाचं. दारावरच्या फारसी शिलालेखात तेही कोरलंय, असं मशिदीचे म्हातारे इमाम सांगत. गावात सगळे त्यांना मौलाना म्हणायचे. आतलं पाणी नमाजाला येणाऱ्यांचं, बाहेरचं येणाऱ्या-जाणाऱ्याचं, मग तो कुणी का असेना, असा त्या ओळींचा मतलब.

"कुणी का असेना म्हंजी कोन, ठाव हाय का म्याडम?" मामांनी मला विचारलं होतं. आम्ही डोणीच्या काठावर बसलो होतो. डोणी तेव्हा कोरडी होती, आत कागद आणि पानाच्या पिचकाऱ्या. "म्हंजी आमी. गावच्या विहिरीवर आमच्या बाया चढल्या असत्या तर फोडून काढलं असतं. नदी आटली की ही डोनी. माझ्या आयनं हितं पानी भरलं, तिच्या आयनं भरलं. आत नमाज असला तर उन्हात थांबायला लावायचे, ते बी खरं हाय. काही जन वरून वतायचे, घागरीला हात न लावता. ते बी खरं. पन पानी न्हाई म्हनायची कुनाची टाप न्हवती. दगडावर लिवलेलं व्हतं ना!"

उदगीरला आमच्या दुकानाच्या बाहेर खिळ्याला एक वेगळा पेला टांगलेला असायचा. तो कुणासाठी, हे लहानपणी मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगावं लागलंही नव्हतं. मामांना ते बोलून दाखवण्याची माझी हिंमत झाली नाही.

सुभेदाराविषयी त्यांच्याशी वाद घालायला पुष्कळ जण यायचे, आणि सगळे मार खाऊन जायचे. शब्दांचा. एकदा चहाच्या गाड्यावर चार तरुण पोरांनी त्यांना घेरलं. "तुमच्या साहेबानं देवळं पाडली असतील, लोकांना लुटलं असेल, अन् तुम्ही त्याचे गोडवे गाता?"

मामांनी कप खाली ठेवला. "त्यो देव न्हवता. सारा वसूल करताना त्यानं लोकांची सालटी काढली असतील. पाडलं बी आसंल. मी कुठं त्याची पूजा करून राहिलो? मी त्याचा वॉल चालवतो. आता तू सांग, तुज्या पनज्यानं माझ्या आयला पानी दिलं व्हतं का? दिलं आसंल तर त्याचा बी वॉल चालवतो. दाखव कुठं हाय."

त्याच आठवड्यात मशीद कमिटीचे अध्यक्ष रऊफसेठ, फरशीचे व्यापारी, कार्यालयात कुणाला तरी म्हणाले, "आमच्या सुभेदाराची मशीद आहे, आमचा वारसा आहे." मामा दारातूनच ओरडले, "तुमचा कसा? तुमचे आजोबा विजापूरहून फरशी इकायला आले. सुभेदारसाहेबांनी तुमाला काय वारस लावलंय का? त्यांची नहर बुजली त्याला चाळीस वर्सं झाली, एकदा तरी खाली वाकून बगितलं का, सेठ?"

रऊफसेठ हसले. ते हसणं मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

जयंतीच्या मिरवणुकीत मामा पांढरेशुभ्र कपडे घालून सगळ्यांत पुढं असायचे, आणि तिथंही पाण्याच्या पिशव्या अर्ध्या पिऊन फेकणाऱ्या पोरांवर खेकसत चालायचे. निळा गुलाल उडतोय, बँजो वाजतोय, आणि हा माणूस वाकून वाकून पिशव्या उचलतोय. त्यांच्या पत्नी, कमलमावशी, एकदा मला म्हणाल्या, "ह्यांच्याशी लगीन लागलं त्या दिवशी बी मांडवातल्या रांजनाला गळती हाय म्हून भांडले."

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष उजाडलं. सगळ्या देशानं लातूर टीव्हीवर पाहिलं, पण आमच्यासारख्या गावांकडं रेल्वे नव्हती. पंधरा-पंधरा दिवस नळ नाही. टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या. मी रोज पंचनामे लिहीत होते. एका सकाळी मामा माझ्या टेबलावर हात टेकून उभे राहिले. चक्क हळू बोलले, म्हणजे त्यांच्या मानानं.

"बारवेत पानी हाय."

"मामा, सगळ्या विहिरी आटल्यात."

"बारव न्हाई आटली. मी उतरून आलो. पानी हाय, ते खाली गावाकडं यायला बगून राहिलं, पन मधी कुठं तरी नहर तुंबली. परवानगी द्या."

मी नगराध्यक्षांकडं गेले. ते म्हणाले, मशिदीच्या कामाला नगरपरिषदेचा माणूस लावला तर लोक काय म्हणतील? रऊफसेठ म्हणाले, सरकारी माणूस मशिदीच्या हद्दीत खोदायला लागला तर आमचे लोक काय म्हणतील? दोघांचंही म्हणणं मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जी शिवी दिली ती दोघांनाही एकाच वेळी लागू पडत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज टाकला. "आता मी सरकारी न्हाई. आता मी आगाऊ मानूस हाय. कोन आडवतो बगतो."

कुणी अडवलं नाही, कारण मौलाना खुर्ची आणि छत्री घेऊन माळावर येऊन बसले होते. नहरीवर थोड्या-थोड्या अंतरानं विहिरीसारखी बारीक दगडी तोंडं होती, मातीनं बुजलेली. मामा कमरेला दोर बांधून एकेका तोंडात उतरायचे. वर दोर धरायला वस्तीतले दोन गडी. मी कार्यालय सुटलं की जायचे. आतून मामांचा आवाज यायचा, "हितं मोकळं हाय! पुढं चला!" आणि मौलाना वरून विचारायचे, "तुळशीरामभाई, जिंदा हो ना?" आतून उत्तर: "मेलो तर वरडनार कोन?"

आठवडी बाजाराच्या मैदानात, पिंपळाखाली, ती तुंबलेली जागा सापडली. पिंपळाच्या मुळ्या खापराच्या नळात शिरून वेणीसारख्या गुंफल्या होत्या. मामांनी ती वेणी कापून काढली तेव्हा ती दोन माणसांइतकी लांब भरली. फुटलेले नळ बदलायचे होते. मी प्लॅस्टिकचे पाइप सुचवले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. मुखेडच्या एका कुंभारानं दोनदा बिघडवून तिसऱ्यांदा तसले नळ जमवले. प्रत्येक खेपेला मामा एसटीनं जाऊन त्याच्याशी भांडून यायचे, आणि येताना त्याच्याच घरी जेवून यायचे.

पाणी आलं ते आधी गढूळ. मग लालसर. मग स्वच्छ. हौद भरायला दुपार लागली. मौलानांनी हौदात हात बुडवले आणि तसेच धरून बसले. मग भिंतीतल्या दगडी तोंडातून पहिली धार बाहेरच्या डोणीत पडली, आणि चौकात उभ्या असलेल्या शे-दीडशे बायकांनी एकदम आवाज केला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मामा डोणीच्या तोंडाशी चावी आडवी धरून उभे. "रांग! एकच रांग! गल्लीची न्हाई, घरान्याची न्हाई. जो आधी आला त्यो आधी." मेन रोडवरच्या एका घरातला माणूस पुढं आला. डोणी आधी नीट धुवून घ्या, म्हणाला, आणि आमच्या घरच्या बायकांचं आधी भरू द्या, मग बाकीच्यांना. 'बाकीच्यांना' हा शब्द त्यानं कसा म्हटला ते तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजलं.

मामा त्याच्या अगदी तोंडाशी गेले. "ह्या डोनीतलं पानी माझ्या आयनं पेलंय. डोनी धुतल्यावर जाईल का रे तिचं लागलेलं तोंड? ज्याला इटाळ होतो त्यानं घरी जाऊन तहानेनं मरावं. मयताला मी येतो, रीतसर."

तो माणूस गेला. त्याची बायको मात्र रांगेतून हलली नाही. आणि थोड्या वेळानं कमलमावशी घागर घेऊन सरळ पुढं आल्या, नवऱ्यानंच पाणी आणलंय तर, म्हणून. मामांनी त्यांना सगळ्यांसमोर मागं पाठवलं. त्या चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी मी आणि मामांनी धार मोजली. बारा सेकंदाला एक घागर. मी वहीत लिहून घेतलं. सबंध उन्हाळाभर ती धार कमी झाली नाही, आणि त्या चौकात एकदाही मारामारी झाली नाही.

आता मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

दोन पावसाळे बरे गेले. धरणावरून नवी पाइपलाइन आली. गरज सरली तशी डोणी लोकांना अडगळ वाटायला लागली. नगराध्यक्ष आणि रऊफसेठ, ज्यांना दुष्काळात एकमेकांच्या लोकांची भीती वाटत होती, ते आता एका टेबलाशी बसले. मशिदीच्या रस्त्याकडच्या भिंतीला लागून दुकानांचे गाळे काढायचे, काही कमिटीला, काही नगरपरिषदेला. मध्ये डोणी येत होती. फाइल माझ्याकडं आली. मला एकच वाक्य लिहून द्यायचं होतं: सदर दगडी डोणी वापरात नसून तिला पाण्याचा कोणताही स्रोत नाही.

माझ्या वहीत बारा सेकंद लिहिलेले होते. मला हवी असलेली नांदेडची बदली ठरत होती. सही झाली की ती होईल, असं मला कुणी सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. दुपारची वेळ होती, समोर चहा होता. मी सही केली.

दोन दिवसांनी मामा आले. मी ओरडण्याची वाट बघत होते. खरं सांगायचं तर ते ओरडले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ते खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत कार्यालयात ते माझ्यासमोर पहिल्यांदाच बसले.

"म्याडम, आपन धार मोजली व्हती का?"

"हो."

"किती?"

"बारा सेकंदाला घागर."

"मंग?"

मी समोरची फाइल मिटली. ते उठून गेले. मी दार लावून घेतलं आणि दुसऱ्या फाइली काढल्या. हे मला आजही स्वतःला माफ करता येत नाही: मी खरोखरच दुसऱ्या फाइली काढल्या.

जेसीबी आला त्या सकाळी डोणीसमोर दोनच माणसं उभी होती. एक तुळशीराममामा आणि दुसरे मौलाना. ज्या शे-दीडशे बायकांनी आवाज केला होता त्यांच्यातली कमलमावशीशिवाय एकही नव्हती, आणि मावशींना मामांनीच बाजूला उभं केलं होतं. मी कार्यालयाच्या गच्चीवरून पाहिलं. मामांनी चावी जेसीबीच्या पुढच्या चाकासमोर टाकली आणि ओरडले ते मला गच्चीपर्यंत ऐकू आलं. "सुभेदाराची मशीद पायजे, त्याचं नाव पायजे, त्याच्या भिंतीला लागून गाळे पायजेत! त्यानं दिलेलं पानी तेवढं नको!" हे ते रऊफसेठकडं बघून म्हणाले. मग नगराध्यक्षांकडं वळून: "आनि तुमाला त्याचं नाव बी नको!"

पोलिसांनी दोघांना गाडीत बसवलं. मौलानांचा हात धरून मामांनी त्यांना वर चढवलं, कारण म्हाताऱ्याला पायरी जमत नव्हती. डोणी दोन तडाख्यांत फुटली. शासकीय कामात अडथळा आणला म्हणून निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना मामा निलंबित झाले. कमिटीनं मौलानांना इमामतीवरून काढलं. ते आपल्या मूळ गावी मुलाकडं राहायला गेले.

पुढचं मी नांदेडला आल्यावर ऐकलं. गाळ्यांच्या पायासाठी खड्डे खणले आणि सकाळी बघतात तर खड्ड्यांत पाणी. मोटार लावून उपसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. डोणी गेली होती, पण पाणी यायचं थांबलं नव्हतं. नहर माळावरच बंद करायची ठरवली, तर तोंडं पावसात पुन्हा मातीनं बुजलेली, आणि खाली नहर नेमकी कुठून कशी वळते ते मामांशिवाय कुणालाच माहीत नाही. बारवेतल्या तोंडाला सिमेंट भरलं, तरी पाणी दुसऱ्या झऱ्यानं खालून येतच राहिलं. शेवटी नगराध्यक्षांनी मामांना निरोप पाठवला: नहर कुठून जाते ते दाखवा, निलंबन मागं घेतो. मामा कार्यालयात गेले, भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "मला ठाव हाय. सगळं ठाव हाय. पन ते सुभेदारसाहेबांचं काम हाय, बुजवायला त्यांचाच हुकूम लागंल. हुकूम आना, दाखवतो."

गाळे झाले, पण त्यांची जमीन ओली असते. सिमेंटवर सिमेंट चढवलं, फरशीवर फरशी. रऊफसेठनी आपल्याच दुकानातली सगळ्यांत भारी फरशी लावली. दर पावसाळ्यानंतर ती फुगून उचकटते. तिथं कपड्याचं दुकान टिकलं नाही, धान्याचं तर नाहीच.

विभागीय चौकशी लागली तेव्हा मामा मला भेटायला नांदेडला आले. बसस्टँडपासून रिक्षा न करता चालत. घामानं शर्ट भिजलेला. मी पाणी पुढं केलं. त्यांनी पेला हातात घेतला, पाहिला, पूर्ण प्यायले, आणि ठेवला.

"मामा, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला माफ करा."

त्यांचा चेहरा असा लाल झाला की मी मागं सरकले. "माफी? माफी काय करू मी? तिच्यात पानी भरू? तुमी कागदावर लिवलं ना? मंग कागदावरच लिवा. जसं ते लिवून दिलं, तसं हे लिवून द्या. न्हाईतर तुमची माफी ठिवा तुमच्या पर्समधी."

मी कागद घेतला. धार मी स्वतः मोजली होती, स्रोत चालू असल्याचं मला माहीत होतं, तरीही मी तसा दाखला दिला, असं लिहिलं. त्यांनी कागद हातात घेऊन एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. पुष्कळ वेळ लागला. मग बोट थांबलं.

"'सुमारे बारा सेकंद'. सुमारे कामून?"

"मामा, तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत गेली खड्ड्यात. बारा. घड्याळ तुमच्याच हातात व्हतं."

मी 'सुमारे' खोडलं. खोडलेलं चालणार नाही म्हणून त्यांनी मला सगळा कागद पुन्हा लिहायला लावला.

माझ्यावर पुढं ठपका आला, वेतनवाढ थांबली. ते मला मिळायलाच हवं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते चौकशीबद्दल. तिच्या तारखा पडत राहिल्या. कधी अधिकारी नाही, कधी फाइल नाही. हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. कर्मचारी मयत झाल्यानं प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे, एवढ्या एका ओळीत सगळं संपवलं. दोषी होते की नव्हते, ते कुणीही लिहिलं नाही. कमलमावशींकडं ती ओळ आली, तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं, "दप्तरी दाखल म्हंजी काय, म्याडम? त्यांचं खरं निघालं का?" मी त्यांना हो म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, पण त्या वेळी मला दुसरं काही सांगता आलं नाही.

मामांनी माझ्याकडून तो कागद नेला त्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले होते. त्यांनी नको म्हटलं तरी गेले. कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवला. गावाकडं जाणाऱ्या मुखेडच्या गाडीला ही गर्दी. मी म्हणाले, पुढच्या गाडीनं जा. ते ऐकणार नव्हतेच. कोपरं मारत चढले. कंडक्टरनं त्यांना मागं सरका, मागं सरका म्हटलं, तर आतून मला मामांचा आवाज ऐकू आला: "कुठं सरकू? मागं जागा हाय का? आधी उठून बगा, मंग बोला!" सगळी गाडी त्यांच्याकडं वळून बघायला लागली. कंडक्टर काहीतरी बोलला. मामांनी उजव्या हाताचं बोट त्याच्यासमोर नाचवलं, आणि डावा तळहात छातीवर, कागदावर, घट्ट दाबून धरलेला.

गाडी हलली. मी खिडकीखालून हात केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांचं भांडण अजून संपलं नव्हतं.